उष्टे कार्ड

सोवळे एखाद्याचे मेमरी कार्ड आपल्या संगणकाला लावत आणि आत काय काय आहे ते पडद्यावर उमटू लागले, की त्यांचा वरचा ओठ एका बाजूने उचलला जाई आणि नाकपुड्या आक्रसत. घरात उंदीर मेला आहे हे कळले आहे, पण कुठल्या कपाटामागे ते अजून सापडलेले नाही, अशा माणसाचा चेहरा तसा होतो. मग ते कार्ड नखांच्या चिमटीत धरून ज्याचे त्याला परत करत आणि एकच शब्द बोलत, "उष्टं."

आमचे ऑफिस कर्वेनगरला होते. खाली मिठाईचे दुकान, वर आम्ही. तळहातावर मावेल एवढा छोटा संगणक विकत आणायचा, त्याला पत्र्याचा डबा आणि पडदा जोडायचा आणि कोणाला सूचनाफलक म्हणून, कोणाला पाण्याच्या टाकीवर नजर ठेवणारे यंत्र म्हणून विकायचा, असा धंदा होता. त्या काळी पुण्यात गल्लोगल्ली आयटीच्या कंपन्या निघत होत्या, त्यांतली ही एक. मी वर्तमानपत्र सोडून तिथे माहितीपुस्तिका लिहीत असे. सोवळे मला 'पेपरवाले' म्हणत. ते स्वतः वर्ध्याकडचे. इंजिनिअर होऊन पुण्याला आले आणि धायरीला भाड्याच्या खोलीत राहत. त्यांचे खरे आडनाव वेगळे होते. 'सोवळे' हे नाव केळकर मॅडमनी पाडले.

केळकर मॅडम शनिवार पेठेतून स्कूटरवर येत आणि ऑफिसबाहेर जाणारा प्रत्येक डबा तपासत. सोवळ्यांचे काम संपल्याशिवाय त्यांचे सुरू होत नसे, आणि सोवळ्यांचे काम लवकर संपत नसे. "अहो सोवळे, नैवेद्य झाला का? आम्ही केव्हाच्या पाटावर बसलोय," असे त्यांनी एकदा भर ऑफिसात विचारले. तेव्हापासून साऱ्या ऑफिसात तेच नाव चालले. सोवळ्यांना त्याचे काही वाटले नाही. "आमच्या घरी सोवळं नव्हतं मॅडम, बोकड होता," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांची मटणाची खानावळ होती. रात्री उरलेला रस्सा सकाळी गटारीत ओतायचा, हा त्या खानावळीचा एकमेव नियम. "शिळा रस्सा विकणारे गावात होतेच ना. त्यांच्याकडे गर्दी जास्त राहायची," एवढे सांगून ते पुन्हा कामाला लागत.

त्यांचे काम काय होते, ते सांगायला हवे. या छोट्या संगणकाच्या पोटात कायमचे असे काही नसते. नखाएवढ्या कार्डावर लिनक्स ही प्रणाली, आमचे प्रोग्राम, सगळ्या सेटिंग असा एक गठ्ठा चढवायचा आणि ते कार्ड खाचेत सरकवायचे. या गठ्ठ्याला इमेज म्हणतात. ती दोन प्रकारांनी तयार होते. एक, लागेल तेवढेच निवडून, मुळापासून बांधून कोऱ्या कार्डावर चढवायची. याला वेळ लागतो. पण आत काय गेले, ते छातीठोकपणे सांगता येते. दुसरा प्रकार म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर चालू असलेले कार्ड उचलायचे आणि त्याच्याच नकला छापायच्या. याला वेळ लागत नाही. मात्र त्या कार्डावर मूळ मालकाने जे काही उद्योग केलेले असतात, तेही प्रत्येक नकलेतून गावोगाव जातात. आमच्या ऑफिसात दुसराच प्रकार चाले. सोवळे ज्याला उष्टे म्हणत ते हेच.

हा शब्द सर्वांना पटला तो एका लग्नात. सिंहगड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाला प्रवेशद्वारावरचा पडदा आम्ही दिला होता. वधूवरांची नावे, भोवती फुले, असा साधा मामला. सोवळे ऑफिसात नवे होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते; एका इंजिनिअरच्या टेबलावरचे कार्ड छापून डबा पाठवला गेला. मुहूर्ताला थोडा अवकाश असताना वधूवरांची नावे पुसली गेली आणि त्यांच्या जागी मोठ्या अक्षरांत मजकूर आला : 'आईच्या गोळ्या. दूध. मूळव्याधीचे मलम.' इंजिनिअरने स्वतःच्या आठवणीसाठी घालून ठेवलेली ती सूचना होती. वधूपक्ष वरपक्षाकडे पाहू लागला. कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन केळकर मॅडमनी घेतला, आणि फोन ठेवल्यावर त्या इंजिनिअरला म्हणाल्या, "मलम मिळालं का हो? साऱ्या वऱ्हाडाला काळजी लागलीये."

सगळे हसले. सोवळे हसले नाहीत. ते म्हणाले, "वरणाच्या पातेल्यात कुत्रं तोंड घालून गेलं, अन् तुम्ही वरून तूप टाकून वाढून राहिले." हे वाक्य ते पुढेही वापरत. ज्याला उद्देशून म्हटले जाई, तो त्या दिवशी नीट जेवत नसे.

त्यांच्याबरोबर काम करणे सुखाचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. त्यांना बहुतेक गोष्टींची शिसारी येई आणि ते ती लपवत नसत. कीबोर्डच्या फटींत अडकलेले केस आणि फरसाणाचा चुरा. बिस्किटे विरघळून तळाशी चिखल झालेले चहाचे कप. खिडकीत कबुतरांच्या विष्ठेचा थर, आणि त्याच खिडकीत सुकायला ठेवलेले डब्यांचे पत्रे. त्यांच्या टेबलावर कोणी चहा ठेवला, तर ते न बोलता उठून तो बेसिनमध्ये ओतून येत. चहा कोणाचा, हे पाहत नसत. एकदा तो चहा सरांचा होता. सर म्हणजे मालक; अमेरिकेत काही वर्षे काढून आलेले, सर्वांशी हसतमुख. "सोवळे, यू आर अ जीनियस, पण माणसांत राहायला शिका," ते म्हणाले. सोवळे म्हणाले, "माणसांचा त्रास नाही सर. त्यांच्या खरकट्याचा आहे."

स्वतःच्या कामात त्यांचे दोन आग्रह होते. इमेज तयार झाली, की ती कार्डावर चढवून संगणक चालू करायचा आणि मध्येच वायर उपटायची. पुन्हा लावायची, पुन्हा उपटायची. असे ते दिवसभर करत. "खेड्यात वीज जाते ते तुम्हाला विचारून नाही जात," असे त्यांचे स्पष्टीकरण. दुसरा आग्रह पडद्याबद्दलचा. मोजायचे साधन बंद पडले, तर पडद्यावर आकडा दिसता कामा नये, नुसत्या रेघा दिसल्या पाहिजेत. सरांना या रेघा खपत नसत. ग्राहकाला रेघा दाखवल्या की त्याला वाटते, यंत्र बिघडले. सोवळे म्हणत, "मग बिघडलंच आहे ना. माहीत नसलं, तर माहीत नाही म्हणा. काहून लाज वाटते?"

या दुसऱ्या आग्रहाला त्यांनी स्वतः एकदा मुरड घातली. पुढचे सगळे त्यातून घडले.

आरोग्य केंद्रांतल्या लसींच्या फ्रिजवर नजर ठेवणारा डबा बनवायचे सरांनी ठरवले. लस दोन ते आठ अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते. त्यावर तापली की निकामी होते, आणि दिसायला मात्र तशीच राहते. फ्रिजमध्ये एक सेन्सर सोडायचा, त्याची वायर झाकणाच्या रबराखालून बाहेर काढून भिंतीवरच्या डब्याला जोडायची, डब्याच्या पडद्यावर आतले तापमान दिसेल, असे ते यंत्र होते. त्याचे प्रदर्शन भरणार होते. प्रदर्शनात फ्रिज नेणे शक्य नव्हते आणि फ्रिजशिवाय सेन्सर निरुपयोगी होता. सर म्हणाले, "सोवळे, फक्त दाखवायला. सेन्सर सापडला नाही, तर चारच्या आसपास काहीतरी दिसू दे. आणि तो अलार्म बंद करा. स्टॉलवर कटकट नको."

सोवळ्यांनी नाक मुरडले आणि काम केले. जे करायचे ते नीट करायचे, ही त्यांची खोड इथेही आड आली. नुसता चार हा आकडा त्यांना ओबडधोबड वाटला. त्यांनी तो किंचित हलता ठेवला. चार पूर्णांक दोन, मग चार पूर्णांक तीन, मग चार पूर्णांक एक. खऱ्या फ्रिजचे तापमान जसे श्वास घेतल्यासारखे वरखाली होते, अगदी तसे. प्रदर्शनात एका डॉक्टरांनी पडद्याकडे पाहून विचारले, "फ्रिज कुठे ठेवलाय?" सोवळ्यांनी ही गोष्ट आम्हाला दोनदा सांगितली. ते कार्ड त्यांनी नंतर पुसले नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सर ते वापरत, आणि ते समोरच्या काचेच्या कपाटात डब्यासकट चालू असे. दुसऱ्या कोणाचे असते, तर सोवळ्यांनी ते दिवस उजाडायच्या आत कोरे केले असते.

एका जिल्ह्यातल्या काही आरोग्य केंद्रांसाठी मागणी आली. सोवळ्यांनी मुळापासून इमेज बांधायला घेतली. ती जवळपास झाली असताना बहिणीच्या लग्नासाठी ते गावी गेले, जाताना सांगून गेले, "वायर उपटून पाहायचं राहिलं आहे. आल्यावर देतो." ते परत आले तेव्हा डबे रवाना झाले होते. काचेच्या कपाटातले कार्ड छापून. सर म्हणाले, "तेही तुमचंच काम आहे ना? उलट ते जास्त फिनिश्ड वाटलं."

याचा अर्थ त्या क्षणी सोवळ्यांच्या पुरता लक्षात आला की नाही, ते सांगता येत नाही. त्यांनी विचारले, "त्यातला दाखवायचा भाग काढला ना?" सर म्हणाले, "हो, हो, बघितलंय." त्यावर विश्वास ठेवायला सोवळ्यांना सोपे गेले असावे.

पावसाळा संपता संपता एका केंद्रावरून एक डबा परत आला. बटणे चालत नाहीत, अशी तक्रार होती. केळकर मॅडमनी तो उघडला आणि पदर नाकाला लावला. पाल आत शिरून सर्किटच्या हिरव्या पट्टीवर चिकटून मेली होती. तिच्या पोटाखालून मुंग्यांची रांग लागली होती, आणि खालच्या दुकानातल्या तळणाच्या वासात तो वास मिसळला तेव्हा दोघेजण उठून बाहेर गेले. सोवळ्यांनी चिमट्याने पाल काढली, पट्टी पुसली. सेन्सरची वायर डब्याबरोबरच आली होती. रोज झाकण उघडून आणि लावून ती रबराखाली चेपली गेली होती आणि मधोमध तुटली होती. सोवळ्यांनी डब्याला वीज जोडली. त्यांच्या डाव्या हातात वायरचे तुटके टोक होते.

पडद्यावर चार पूर्णांक दोन आले. मग तीन. पुन्हा एक.

सोवळ्यांचा ओठ उचलला गेला नाही. "हे माझंच आहे," ते म्हणाले, डबा खाली ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन ओकले. केळकर मॅडमनी पंखा वाढवला.

सरांच्या खोलीत झालेले संभाषण काचेच्या भिंतीमुळे सगळ्यांना ऐकू आले.

"सर, सगळे डबे परत बोलवा."

"सेन्सर चालू असला की खरं तापमान दिसतं ना?"

"हाव, दिसते."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"वायर तुटली की मग खोटं दाखवते. अन् वायर रबराखालून जाते. आज ना उद्या सगळ्यांची तुटणार."

दारात उभ्या असलेल्या केळकर मॅडम म्हणाल्या, "थोडक्यात, चोर येईपर्यंत रखवालदार जागा असतो."

"मॅडम, प्लीज." सरांच्या चेहऱ्यावर हसू कायम होते. "हे बघा, पुढच्या अपडेटमध्ये घेऊ. आत्ता परत बोलावले, तर नाव जाईल."

"कोणाचं?"

"कंपनीचं. आणि तुमचंही. तो प्रोग्राम कोणी लिहिलाय, सोवळे?"

"मी लिहिला. म्हणूनच तर म्हणून राहिलो."

"मग लेट्स बी प्रॅक्टिकल," सर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. तो वाजला नव्हता.

सोवळ्यांनी अर्धवट राहिलेली आपली इमेज पूर्ण केली. दिवसभर वायर उपटून पाहिली. सेन्सर तुटला, तर रेघा. तापमान आठच्या वर गेले, तर अलार्म. आपल्या पैशांनी कोरी कार्डे आणली आणि जितकी केंद्रे तितकी भरली. केळकर मॅडमनी प्रत्येक कार्ड तपासून दिले. यादीत नसलेले काम त्यांनी त्याआधी आयुष्यात केले नसेल. सर म्हणाले, "सुट्टी घेऊन जायचं तर जा. कंपनीकडून कोणी येणार नाही." माहितीपुस्तिकेत रेघांचे पान घालायचे आहे, ही सबब सांगून पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो.

स्वारगेटवरून एसटीने डोंगराकडच्या एका केंद्रात पोचलो. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. फ्रिजच्या खोलीत त्यांनी आम्हाला कौतुकानेच नेले. "तुमचं मशीन झकास आहे हं. कधी बघा, चारच. पूर्वी काचेच्या थर्मामीटरमध्ये डोळे घालून बसावं लागायचं. तुमची माणसं म्हणाली, आता नको ते, म्हणून ठेवून दिलंय ड्रॉवरमध्ये."

सोवळ्यांनी डब्यातले कार्ड काढले आणि नवे सरकवले. पडदा काळा झाला, उजळला. रेघा आल्या.

"बिघडवलंत ना!" सिस्टर म्हणाल्या.

"नाही सिस्टर. झाकण उघडा."

झाकण उघडले आणि आंबूस, कोंदट वास वर आला. तळाशी पाणी साचले होते. त्यात एक सुटलेले लेबल तरंगत होते. बाटल्यांच्या शेजारी दुधाची एक पिशवी होती, फुगलेली. तिच्या टोकातून पिवळट पाणी गळून लसीच्या खोक्याखाली गेले होते. "ही माझी नाही. शिपायाची असणार," सिस्टर पटकन म्हणाल्या. मग त्यांनी पिशवी हातात घेतली आणि ती नासलेली आहे, याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला. फ्रिजच्या मागचा स्टॅबिलायझर जळला होता. तो कधी जळला, हे सांगायला भिंतीवरच्या डब्याशिवाय कोणी नव्हते, आणि डबा चार सांगत होता.

लसीच्या बाटलीवर एक फिका चौकोन असतो. लस तापत गेली की तो काळवंडत जातो. सिस्टर एकेक बाटली उचलून दारापाशी उजेडात नेऊ लागल्या. सगळ्या बाटल्या पाहून झाल्यावर त्या स्टुलावर बसल्या.

"बुधवारी लसीकरण झालं," त्या म्हणाल्या. "झाकण उघडलं तेव्हा हाताला गार लागलं नव्हतं. वाटलं मला. पण वर बघितलं, तर चार. एकदोन बाटल्या बघितल्या, बऱ्या होत्या. बाकीच्या नाही बघितल्या." त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिले. "इतक्या वर्षांचा हात, आणि मी त्या डब्याचं ऐकलं."

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. नवा साठा मागवून बुधवारच्या मुलांना पुन्हा लस द्यायची, असे ठरले. म्हणजे घरोघर जाऊन सांगायचे. गावात लसीला आधीच नाके मुरडणारे होते. एकेका सासूची समजूत घालत सिस्टरांनी त्या मुलांना बुधवारच्या रांगेपर्यंत आणले होते.

"काय सांगू मी त्यांना?"

"माझं नाव सांगा," सोवळे म्हणाले.

"तुमचं नाव घेऊन माझा शब्द परत येतो का हो?"

सोवळे म्हणाले, "मग मी येतो संगं."

तिसऱ्या की चौथ्या घरी ओसरीवर एक आजी मिश्री लावत बसल्या होत्या. सून मुलाला घेऊन दारात उभी राहिली. सिस्टरांनी पुन्हा लस घ्यायला लागेल, असे सांगितले.

"परत टोचायचं? अन् का?" आजींनी विचारले.

"आधीची खराब निघाली, आजी."

"मंग टोचली कशाला?"

सोवळे पुढे झाले. "त्यांची चूक नाही. मशीन खोटं बोललं. त्यात खोटा आकडा मी घातला होता."

"तू डाक्टर हायस?"

"नाही."

"मंग तू कशाला घातलास?"

"दाखवायला."

"कुणाला?"

"गिऱ्हाइकाला," ते म्हणाले.

आजींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. आजींचा ओठ उचलला गेला. मग तोंडातली काळी पिंक त्यांनी सोवळ्यांच्या बुटाला लागून टाकली. शिंतोडे पँटवर उडाले. सोवळ्यांनी पाय मागे घेतला नाही. दुसऱ्याच्या कपाला बोट लागले तर हात धुणारा माणूस तसाच उभा राहिला. सून म्हणाली, "बुधवारी आणते मी, सिस्टर. ह्यांना नका आणू पुन्हा."

केंद्रावर परतल्यावर सिस्टरांनी भिंतीवरचा डबा उतरवला. सोवळ्यांनी सांगून पाहिले की आता इमेज स्वच्छ आहे, आता ते खोटे बोलू शकत नाही, नवा सेन्सर ते आत्ता जोडून देतात. सिस्टरांनी ड्रॉवरमधून काचेचा थर्मामीटर काढला आणि पदराने पुसला. "असेल हो स्वच्छ," त्या म्हणाल्या. "मला आता बघवत नाही त्याच्याकडे. घेऊन जा." सोवळ्यांनी डबा उचलला.

परतीच्या गाडीत डबा त्यांच्या मांडीवर होता. ते एवढेच बोलले, "ओबडधोबड ठेवला असता ना पेपरवाले, तर कोणाला तरी शंका आली असती." स्वारगेटला उतरल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला, उरलेली कार्डे खिशात असल्याची खात्री केली आणि धायरीच्या बसकडे गेले. त्यानंतर ते ऑफिसला आले नाहीत. त्यांचा फोनही लागेना.

कंपनीने त्या दिवाळीत नवे माहितीपत्रक काढले. त्यात 'स्थिर आणि विश्वसनीय आकडे' असे शब्द होते. ते वाचताना तळणाचा आणि मेलेल्या पालीचा तो वास मला पुन्हा आला. एखाद्या पडद्यावर फार शहाण्यासारखा वागणारा आकडा दिसला, की अजूनही येतो.

दरम्यान ऑफिसात केंद्रांवरून तक्रारी येऊ लागल्या. आमच्या मशीनला काय झाले, आधी शांत होते, तुमचे कोणी साहेब येऊन काहीतरी बदलून गेले आणि आता झाकण जरा उघडे राहिले की ओरडते. एक तक्रार एका गावाची, दुसरी त्याच्या पुढच्या गावाची. कुठून फोन आला त्यावरून सोवळे कुठवर पोचले, ते आम्हाला कळे. सरांनी सूचना दिली होती, 'सॉफ्टवेअर अपडेट सुरू आहे' असे सांगा. केळकर मॅडम प्रत्येकाला एकच उत्तर देत, "अहो, ओरडतंय म्हणजे झाकण उघडं आहे. आधी ते लावा." आणि फोन ठेवत.

सगळ्यात लांबच्या, घाटाखालच्या केंद्रावरून फोन आला तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती. पलीकडचा माणूस चिडून बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण त्याच्यामागे अलार्म ओरडत होता, तो आमच्यापर्यंत ऐकू येत होता. केळकर मॅडमनी नेहमीचे उत्तर दिले. या वेळी मात्र त्यांनी फोन ठेवला नाही, कानाला तसाच धरला. पलीकडे झाकण लावले गेले असावे, कारण काही वेळाने ओरडणे थांबले.

"लागलं का?" मॅडमनी विचारले. "आता आकडा सांगा."

तिकडून आकडा सांगितला गेला. मॅडमनी तो ऐकला, आणि त्या म्हणाल्या, "हा खरा आहे."